ओळखलंत का मला?

न्यू जर्सीत लोकांच्या गॅरेजमध्ये गवत कापायचं मशीन जिथे असतं, तिथे माझ्या मामाने एक लाकडी पट्टी ठोकली आहे. पट्टीवर पंधराएक खिळे आणि प्रत्येक खिळ्याला गळ्यात अडकवायचं एकेक ओळखपत्र. फिलाडेल्फिया २००९, शिकागो २०११, प्रॉव्हिडन्स २०१३. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दोन वर्षांतून एकदा भरतं. मधल्या काळात मामाला करमत नाही, म्हणून आसपासच्या मंडळांचे गणपती, दिवाळ्या, नाट्यप्रयोग, काहीही त्याला चालतं. अट एकच, तिथे मुंबईहून कुणीतरी ‘टीव्हीवरचं’ यायला हवं.

टीव्ही म्हणजे मुंबई दूरदर्शन. जन्म २ ऑक्टोबर १९७२, तेव्हा मामा सहा वर्षांचा होता. मृत्यू, मामाच्या हिशेबाने, ऑगस्ट १९८९, कारण त्या महिन्यात तो अमेरिकेला आला. त्यानंतरही मुंबईत टीव्ही चालू राहिला हे त्याने ऐकलं आहे, पण त्याला ते पटलेलं नाही. सगळ्यात मोठी पंचाईत ‘महाभारता’ची झाली. मालिका १९८८ च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि १९९० च्या जूनपर्यंत चालली. मामा विमानात बसला तेव्हा युद्धाला तोंड फुटायचं होतं. पुढचे भाग त्याने इंडियन ग्रोसरीतून भाड्याने कॅसेटी आणून पाहिले, आणि दुकानदार हाताला लागेल ती कॅसेट द्यायचा. त्यामुळे मामाच्या महाभारतात अभिमन्यू आधी धारातीर्थी पडतो आणि मग त्याचं लग्न होतं.

मामाचं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं. मजल्यावर टीव्ही एकच, कोपऱ्यातल्या बिऱ्हाडात, लाकडी शटरचा. काकू संध्याकाळी ते शटर देवघराचं दार उघडावं तसं उघडायच्या. पोस्टात भरलेल्या लायसन्सच्या पैशांची आठवण काका रोज एकदा करून द्यायचे. वरळीचा तीनशे मीटरचा मनोरा तसा जवळच, तरी गच्चीवर एक पोरगा अँटेना धरून उभा असायचा आणि खालून ‘आलं, आलं... गेलं!’ अशी आरोळी जायची. त्या पोराला कार्यक्रम कधीच दिसला नाही. मामाच्या म्हणण्यानुसार तो पोरगा पुढे मोठा हाडवैद्य झाला, आणि त्याचं श्रेय तो त्या गच्चीला देतो.

जमिनीवर पोरं, मागे पाटावर आज्या, दारात उभे पुरुष. शटर उघडलं की निवेदिका यायची आणि म्हणायची, ‘नमस्कार’. पणजी लगेच डोक्यावरून पदर घेऊन उलट नमस्कार करायची. माणूस घरात येऊन हात जोडतंय आणि आपण बसून राहायचं, हे तिच्या संस्कारात बसत नव्हतं. मग ‘गजरा’, मग चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ, गुरुवारी ‘छायागीत’, शनिवारी मराठी सिनेमा. मध्येच चित्र जायचं आणि पाटी यायची, ‘व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत’. कुणी उठायचं नाही. सगळी चाळ दहा मिनिटं त्या पाटीकडेच पाहत बसायची. तीही टीव्हीवरच होती ना!

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की मामा नटांना भेटतो तेव्हा ‘मी तुमचा फॅन आहे’ असं म्हणत नाही. पणजीचा वारसा चालवत तो विचारतो, “ओळखलंत का मला?”

नट गोंधळतात. मामाला त्याचं मनापासून वाईट वाटतं. आठवड्यातून एकदा, सलग दोन-दोन वर्षं ही माणसं आपल्या मजल्यावर येत होती, तिसऱ्या रांगेत आपण मांडी घालून बसलो होतो, आणि आता म्हणतात, नाही हो, आठवत नाही!

अधिवेशनात नट गाठायच्या जागा मामाने अभ्यासाने ठरवल्या आहेत. स्टेजच्या मागे नवशिके जातात. तिथे कार्यकर्ते असतात आणि कार्यकर्ते हाकलतात. लिफ्ट बरी, पण तिचा भरवसा नाही. सर्वांत उत्तम जागा म्हणजे सकाळी हॉटेलच्या नाश्त्याला वॉफलचं मशीन. पाहुणे त्याच हॉटेलात उतरलेले असतात, आणि मुंबईहून आलेला प्रत्येक नट पहिल्या दिवशी कुतूहलाने ते मशीन वापरतोच. पीठ ओतायचं, झाकण लावायचं, दांडा फिरवायचा. त्यानंतर वॉफल भाजायला जी दोन-अडीच मिनिटं लागतात, त्यात नटाला हलता येत नाही. हललं तर वॉफल दुसरा घेऊन जातो. त्या अडीच मिनिटांत मामा त्याला त्याच्याच मालिकेचा एक भाग पहिल्यापासून सांगतो.

एकदा असाच एक ज्येष्ठ नट मामाच्या तावडीत सापडला. मामा म्हणाला, “त्या भागात तुम्ही छत्री घेऊन जिन्यावरून गडगडता, आणि खाली दूधवाला उभा!”

“तो मी नव्हे,” नट नम्रपणे म्हणाला.

“ते नाटक झालं,” मामा म्हणाला. “मी मालिकेचं बोलतोय.”

वॉफल होईपर्यंत वाद चालला. मशीनने शिट्टी दिली तेव्हा त्या सज्जन माणसाने दुसऱ्या कुणाची तरी भूमिका आपलीच होती असं कबूल करून टाकलं, आणि कुठल्या पायाला लागलं होतं तेही सांगितलं.

मामाच्या अमेरिकन सहकाऱ्याने आम्हा दोघांना एकदा तिकडच्या चाहत्यांच्या मेळाव्यालाही बोलावलं होतं. ‘स्टार ट्रेक’ रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायची, म्हणजे ती मालिका मामाच्या नागरिकत्वाच्या कक्षेत येत होती. एका मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली, टेबलामागे म्हातारे नट, समोर दोऱ्या बांधून केलेल्या रांगा, आणि प्रत्येक टेबलावर दरपत्रक. सहीला एवढे, फोटोला तेवढे, फोटोवर सहीला आणखी वेगळे. उसळीला वेगळे, पावाला वेगळे, तसंच. मोठमोठी माणसं टोकदार कान लावून मुकाट्याने उभी होती. मामा दरपत्रक दोनदा वाचून मदतनीस मुलीला म्हणाला, “आणि नुसतं बोलायला किती?” तिने सांगितलं की तसा काही दर नाही. मामा रांगेतून बाहेर आला. ज्या दुकानात एखाद्या वस्तूचा भावच लावलेला नाही तिथे ती वस्तू मिळतच नसणार, असं त्याचं म्हणणं. माझ्या मते रांगेतल्या त्या कानवाल्या मंडळींत आणि मामात फारसा फरक नव्हता. पण हे मी त्याला बोललो नाही, गाडी तो चालवत होता.

आता गेल्या दिवाळीची गोष्ट. आसपासच्या तीन मंडळांनी मिळून एका शाळेची इमारत शनिवारसाठी भाड्याने घेतली होती. मुंबईहून दोन पाहुणे आले होते. एक मामाच्या काळातला जुना नट, आणि दुसरा सध्याच्या कुठल्याशा दैनंदिन मालिकेचा नायक. नायकाभोवती एवढी गर्दी होती की मंडळाच्या अध्यक्षीणबाई स्वतःच्याच कार्यक्रमात रांगेत उभ्या होत्या. मामाने जुन्या नटाला कोपऱ्यात धरलं, “ओळखलंत का?” वगैरे झालं, आणि फोटो काढायला कुणीतरी हवं म्हणून त्याने वळून जवळच्या तरुणाच्या हातात फोन दिला.

“बाळ, एक फोटो काढ. पाय नाही आले तरी चालतील, डोकी कापू नकोस.”

तो तरुण म्हणजे तोच नायक. मागची वीस-पंचवीस माणसं गार पडली. पण पोरगा गुणी निघाला. त्याने “काका, जरा डावीकडे. हां, हसा” असं म्हणत चांगले चार फोटो काढले. मामा खूश झाला.

“छान काढलेस. कुठे असतोस?”

“मालिकेत काम करतो, काका.”

“म्हणजे कॉन्ट्रॅक्टवर. आणि व्हिसा?”

“पी-३.” कलावंतांना मिळणारा एक व्हिसा.

“हरकत नाही,” मामाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “पण ग्रीन कार्डाचं लवकर बघ. माझ्यासारखं ताटकळू नकोस.”

मामी या सगळ्याकडे इतकी वर्षं कशी पाहत आली असेल, असं मला नेहमी वाटतं. ती पुण्याची. त्यांच्याकडे चित्र सिंहगडावरून यायचं, आणि गिरगावापेक्षा स्वच्छ यायचं, असं ती सांगते. मामा ते मान्य करत नाही. पस्तीस वर्षांच्या संसारातला तेवढाच एक जुना वाद अजून शिल्लक आहे.

तर जेवणाच्या रांगेत आम्ही उभे होतो. शाळेच्या ऑडिटोरियममध्ये खायला बंदी, म्हणून सातशे माणसं कॅफेटेरियात. पुढे मामी तिच्या मोरपंखी पैठणीत, मग मामा, मग मी. मामा जुन्या नटाच्या फोटोत आपले डोळे मिटलेत का ते बघत होता. आमच्या पुढे तीन माणसं सोडून पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या. सुती साडी, वर मुलीचा असावा असा जाड कोट. वाढणारी मुलगी त्यांना म्हणाली, “भात वाढू?”

“नको. धन्यवाद.”

एवढे दोनच शब्द. मामाच्या हातातला फोन खाली आला. त्याने मान वर केली ती जवळजवळ पंचेचाळीस वर्षांपलीकडे. मला म्हणाला, “साप्ताहिकी.”

“काय?”

“अरे, आठवडाभराचे कार्यक्रम सांगायच्या ह्या. गुरुवारी छायागीत हे मला ह्यांनी सांगितलंय!”

चेहऱ्यावरून त्यांना कुणीच ओळखलं नसतं. त्या पाहुण्या म्हणून आल्याच नव्हत्या. मुलीकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, बाळंतपण आटोपलं होतं, आणि मुलगी कमिटीवर असल्यामुळे त्यांना घरून आणलं होतं. वॉफलच्या मशीनपाशी माणसांना शरण आणणारा माझा मामा तिथे ताट धरून नुसता उभा राहिला. त्याची खरी अडचण संबोधनाची होती. ‘ताई’ म्हणावं तर नवव्या वर्षी त्यांच्याशीच लग्न करायचं त्याने ठरवलेलं होतं. ‘बाई’ म्हटलं की शाळा आठवते, आणि ‘मॅडम’ तर ऑफिसात. शेवटी तो दोन पावलं पुढे सरकून कसाबसा म्हणाला, “अहो...”

त्या वळल्या. “काय हो?”

मामाच्या तोंडून आवाज फुटेना. मग एकदाचा फुटला. “आमटी तिखट आहे.”

“बरं झालं सांगितलंत,” असं म्हणून त्या गेल्या.

“अहो?” मामी म्हणाली. “तो शब्द माझा आहे.”

मामा टेबलावर येऊन बसला. ओळखलंत का, हे विचारायचंच राहून गेलं होतं. मामीने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, पोळीचा तुकडा मोडला, तो तसाच ठेवला आणि उठून कमिटीच्या टेबलाकडे गेली. कुणाच्या तरी कानाशी लागून परत आली, आणि काही झालंच नाही अशा थाटात जेवू लागली.

इतक्यात ऑडिटोरियमकडून बातमी आली. गाण्यांच्या कार्यक्रमाचे सगळे ट्रॅक ज्या लॅपटॉपवर होते, तो ऐनवेळी अपडेट घेत बसला होता आणि सत्तावीस टक्क्यांवर अडकला होता. कॅफेटेरियातल्या छोट्या माइकवर एक तरुण निवेदक इंग्रजीतून विनोद करून वेळ काढत होता. पोरं टेबलांखालून पळत होती. कुणी डबे भरून घ्यायला लागलं होतं, कुणी पार्किंगकडे निघालं होतं. तेवढ्यात कमिटीवरच्या मुलीने आईचा कोट काढून स्वतःच्या हातात घेतला आणि आईला माइकपाशी नेलं. बाईंनी माइक हातात धरला नाही. तो स्टँडवर लावायला सांगितला, उंची थोडी कमी करवून घेतली, पदर सारखा केला आणि समोर पाहिलं. आमच्याकडे नाही, आमच्या थोडं वर, जिथे कॅमेरा असायचा तिथे.

“नमस्कार.”

पन्नाशीच्या आतली मंडळी फोन बघत राहिली. पन्नाशीच्या वरच्यांनी चमचे खाली ठेवले. दारापर्यंत पोहोचलेले एक गृहस्थ वळून मिळेल त्या खुर्चीत बसले.

आणि मामाने हात जोडले. दोन्ही. ताट त्याच्या डाव्या हातात होतं हे त्याच्या लक्षात नव्हतं. तिखट, कडकडीत, कटाची आमटी पैठणीच्या मोरावरून सावकाश खाली उतरली, आणि मामी काही न बोलता आधी मोराकडे आणि मग मामाकडे बघू लागली.

मामा ताठ बसला. घसा साफ केला, आणि एकेक अक्षर सुटं करून म्हणाला, “व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत.”