निवाडा कुणी केला?

प्रति,
भूसंपादनाच्या आणि कराच्या नोटिशींचं मराठी करणारे महोदय,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. नोटिशीवर अधिकाऱ्याची सही असते, गोल शिक्का असतो, जावक क्रमांक असतो. मराठी कुणी केलं ते कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे. उरण तालुक्यात जमिनी कशा गेल्या याची चर्चा निघाली की सरकार, सिडको, बंदर, दलाल, पुढारी अशी सगळ्यांची नावं निघतात. तुमचं कधी निघालं नाही. माझ्या मते ते पहिल्या पाचात यायला हवं.

माझा पहिला आरोप एका शब्दाबद्दल आहे. इंग्रजी कायद्यात ज्याला ‘अवॉर्ड’ म्हणतात, त्याला तुम्ही ‘निवाडा’ म्हणालात. मराठी माणसाला निवाडा म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. दोघांचं भांडण असतं, तिसरा तिऱ्हाईत बसतो, दोन्ही बाजू ऐकतो आणि निकाल देतो. गावकीत निवाडा झाला की माणूस मान खाली घालून तो मानतो. भूसंपादनाच्या ‘निवाड्या’त तिऱ्हाईत कुठे असतो? जमीन सरकारला हवी, भाव सरकारचा अधिकारी ठरवतो आणि तोच कागदावर सही करतो. प्रिव्ही कौन्सिलने १९०५ मध्येच सांगितलं होतं की कलेक्टरचा हा अवॉर्ड म्हणजे सरकारने देऊ केलेली रक्कम आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये राजा हरिश्चंद्र राज सिंग यांच्या खटल्यात तेच पुन्हा सांगितलं. देऊ केलेली रक्कम. ती नको म्हणता येते, जास्त मागता येते. पनवेल, उरण आणि ठाणे तालुक्यांतल्या ९५ गावांवर नवी मुंबईचं आरक्षण पडायला सुरुवात झाली ती १९७० मध्ये, म्हणजे या निकालानंतर नऊ वर्षांनी. तोवर तुम्हाला ‘देऊ केलेली रक्कम’ असं लिहिता आलं असतं. तुम्ही ‘निवाडा’ लिहिलंत, आणि ज्याला भाव कमी वाटत होता त्याला वाटलं, निकाल लागला.

तुम्ही म्हणाल, शब्द कोशात होता. असेल. पण कोश तुमच्यासारख्यांनीच केला, आणि कोशातून शब्द उचलताना तो कुणाच्या हातात पडणार आहे हे पाहण्याचं काम तुमचंच होतं.

आता नवव्या कलमाच्या नोटिशीकडे येतो, कारण तिथे झालेलं नुकसान भरून निघण्यासारखं नव्हतं. १८९४ च्या कायद्यात नवव्या कलमाची नोटीस आली की जमिनीतला आपला हक्क काय आणि आपण किती मागतो ते शेतकऱ्याने सांगायचं असे. त्याच कायद्याचं पंचविसावं कलम १९८४ पर्यंत असं होतं की, सबळ कारण नसताना ज्याने नवव्या कलमाखाली मागणी केली नाही त्याला पुढे न्यायालयही कलेक्टरने ठरवलेल्या रकमेपेक्षा एक रुपया जास्त देऊ शकत नव्हतं. ज्याने मागणी केली, त्याला मागितल्यापेक्षा जास्त मिळत नव्हतं. म्हणजे गप्प बसलेला बुडाला आणि घाबरत कमी मागणाराही बुडाला. ‘आपल्या हितसंबंधाचे स्वरूप व मोबदल्याबाबतच्या मागणीचा तपशील सादर करावा’ अशा धाटणीचं वाक्य लिहून तुम्ही पुढच्या कलमाकडे गेलात. आकडा सांगितला नाही तर कोर्टाचं दार बंद होईल, एवढं साधं मराठी वाक्य त्या कागदावर हवं होतं. मी पाहिलेल्या जुन्या नोटिशींत ते नाही. भाताची आणि मिठागराची जमीन कसणाऱ्या माणसाने त्या नोटिशीची घडी केली आणि ती देव्हाऱ्यामागे ठेवून दिली.

हे कलम बदललं ते २४ सप्टेंबर १९८४ पासून. त्याच वर्षी १६ आणि १७ जानेवारीला जासई-नवघर भागात शेतकरी रस्त्यावर उतरले होते, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील जासईचेच आणि वकील. कायदा काय म्हणतो आणि नोटीस काय म्हणते, यातलं अंतर इथल्या माणसांना त्यांनी सभांमधून समजावून सांगितलं. एका वकिलाला मैदानात उभं राहून हे काम करावं लागलं, कारण तुम्ही ते कागदावर केलं नव्हतं.

त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के जमीन भूखंडाच्या रूपात परत देण्याची योजना आली. इथे एक गोष्ट तुमच्या बाजूने सांगतो. साडेबारामधले पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी वजा होऊन हातात पावणेनऊ टक्के येतात, आणि तो भूखंडही मालकीचा नसून ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याचा असतो. यात ‘भाडेपट्टा’ हा शब्द मात्र सोपा आणि खरा आहे. वाचणाऱ्याला लगेच कळतं की आपल्याच जमिनीवर आपण आता भाडेकरू झालो. त्या शब्दाने दुःख दिलं, पण फसवलं नाही. सगळीकडे असंच लिहिलं असतंत तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

सगळ्यात महाग पडला तो पावतीवरचा शब्द. जुन्या कायद्याचं एकतिसावं कलम सांगत होतं की, ज्याने मोबदल्याची रक्कम हरकत न नोंदवता घेतली त्याला वाढीव मागण्यासाठी न्यायालयात जाता येणार नाही. २०१३ च्या नव्या कायद्यात हेच बंधन कलम ७७ मध्ये जसंच्या तसं आहे. म्हणजे सही करताना दोन शब्द लिहायचे की नाही, यावर घरातल्या पुढच्या दोन पिढ्यांचा पैसा ठरतो. त्या दोन शब्दांसाठी एखाद्या कागदावर ‘निषेधासह’, एखाद्यावर ‘हक्क राखून’, आणि वकिलांच्या तोंडी ‘अंडर प्रोटेस्ट’. महोदय, निषेध म्हणजे आमच्याकडे मोर्चा, काळी फीत, घोषणा. पैसे घेताना कचेरीत उभं राहून निषेध कोण करील? ज्या साहेबांच्या हातून चेक घ्यायचा त्यांच्यासमोर निषेध लिहिणं म्हणजे उर्मटपणा, असंच आमच्या माणसाला वाटणार. ‘हरकत राखून’ हे शब्द त्याला कळले असते, कारण हरकत तो रोज बोलतो. पण ते लिहिलं नाही तर काय जातं, हे सांगणारं वाक्य पावतीवर नसेल तर तोही शब्द अपुराच पडतो.

आमच्या आळीतल्या एका म्हाताऱ्यांनी त्यांची जुनी पावती मला दाखवली होती. “काय लिवलंय यान?” त्यांनी विचारलं. रक्कम मिळाल्याचं आणि आपली कोणतीही तक्रार नसल्याचं लिहिलं होतं. खाली अंगठा होता. शेजारच्या सातबाराचा मालक मुलाला घेऊन गेला होता. मुलाने हरकत लिहिली आणि त्या घराला पुढे न्यायालयातून वाढीव मिळालं. एकाच बांधाच्या दोन बाजूंची जमीन, माती तीच, खाजणही तेच. म्हाताऱ्यांनी पावती परत घडी करून पिशवीत ठेवली आणि विचारलं, आता काही होईल का? मला नाही म्हणावं लागलं. ती कुठल्या कचेरीची पावती होती ते इथे लिहीत नाही, कारण माझं भांडण त्या एका कचेरीशी नाही.

वाढीव मागण्याच्या त्या अर्जालाही तुम्ही ‘संदर्भ’ म्हणता. न्यायालयात ‘लँड रेफरन्स’ म्हणतात, वकील ‘रेफरन्स’ म्हणतात, शेतकरी ‘वाढीवची केस’ म्हणतो. यातला फक्त शेवटचा शब्द काय करायचं ते सांगतो. त्यासाठी सहा आठवड्यांची मुदत असते. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर त्या दिवसापासून, नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यातलं जे आधी संपेल ते. ‘संदर्भ’ या शब्दातून कुणाला ही घाई कळेल?

‘हितसंबंधित व्यक्ती’ हाही तुमचाच शब्द. कायद्यात त्याचा अर्थ मोठा आहे: मोबदल्यात आपला हक्क आहे असं म्हणणारा प्रत्येक जण. सातबारावर नाव असायलाच हवं असं नाही. पण नोटीस वाचणाऱ्या बाईला वाटतं, हितसंबंध म्हणजे मोठ्या लोकांचं काहीतरी. लग्न होऊन गेलेल्या बहिणीला वाटतं, हे भावांचं. मग कुणीतरी हक्कसोड पत्र पुढे करतं आणि ती सही करते. कोळ्यांचं तर विचारूच नका, खाडीचा सातबारा कुणाकडे असतो? २७ फेब्रुवारी २०१५ ला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने इथल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५.१९ कोटी रुपये देण्याचा आदेश दिला, तेव्हा न्यायाने मान्य केलं की खाडी बुजवली तर तिच्यावर जगणाऱ्याचं नुकसान होतं. हे कोळीवाड्यातल्या प्रत्येकाला आधीपासून ठाऊक होतं. त्यांना ठाऊक नव्हतं ते इतकंच की कायद्याच्या एखाद्या शब्दात आपणही बसू शकतो.

कराच्या कागदांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथे तुमचा गुन्हा वेगळा आहे: तिथे तुम्ही मराठी केलंच नाही. केंद्राच्या १९७६ च्या राजभाषा नियमांत महाराष्ट्र ‘ख’ क्षेत्रात येतो, म्हणून इथल्या माणसाला केंद्राच्या कार्यालयाकडून पत्र हिंदीत किंवा इंग्रजीत आलं की नियम पाळला गेला. घटनेच्या ३५० व्या कलमाने आम्हाला तक्रार मराठीत करता येते. उत्तर मराठीत मिळायला हवं असं कुठे लिहिलेलं नाही.

परिणाम असा की वाढीवची केस वीस वर्षांनी सुटते आणि बँकेत पैसे येतात, तेव्हा त्यातला मोठा भाग व्याजाचा असतो. जुन्या कायद्याच्या कलम २८ प्रमाणे ताबा गेल्याच्या पहिल्या वर्षी ९ टक्के, पुढे दर वर्षी १५ टक्के. वीस वर्षांचं व्याज वाढीव रकमेच्या जवळजवळ तिप्पट होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये या व्याजाला मोबदल्याचाच भाग म्हटलं होतं. त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने १ एप्रिल २०१० पासून वाढीव मोबदल्यावरचं व्याज मिळेल त्या वर्षाच्या ‘इतर मार्गांनी मिळालेल्या उत्पन्ना’त धरलं आणि त्यातला निम्मा भाग वजावट म्हणून सोडला. घरात मात्र ते सगळे ‘जमिनीचे पैसे’ असतात, आणि जमिनीच्या पैशांना कर नाही असं प्रत्येकाने ऐकलेलं असतं. त्या पैशांतून घर बांधून होतं, मुलीचं लग्न होतं आणि मग इंग्रजी नोटीस येते. निम्मं व्याज करपात्र आहे, हे एक ओळीचं मराठी बँकेत पैसे जमा होतानाच मिळालं असतं तर तेवढे पैसे बाजूला राहिले असते.

हे पत्र आत्ताच लिहिण्याचं कारण आहे. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला, त्याच दिवशी उरणपर्यंत लोकल आली. त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांवर कर्नाळा-साई-चिरनेर नवनगराची अधिसूचना निघाली आणि गावागावांतून हरकती गेल्या. पुन्हा कागद येतील, पुन्हा तुम्हीच मराठी कराल. म्हणून संपादनाच्या प्रत्येक नोटिशीच्या आणि पावतीच्या डोक्यावर, ठळक टाइपात छापण्यासाठी मजकूर देतो:

‘ही रक्कम सरकारने देऊ केली आहे. ती कमी वाटत असेल तर पैसे घ्या, पण सही करताना “हरकत राखून” असं लिहा. तसं न लिहिता पैसे घेतले तर वाढीव रकमेसाठी कोर्टात जाता येणार नाही. वाढीवचा अर्ज सहा आठवड्यांत द्या. सातबारावर नाव नसलं तरी जमिनीत हक्क असेल तर तुम्हीही मागणी करू शकता. वाढीव मिळाल्यास त्यावरच्या व्याजातला निम्मा भाग करपात्र असतो.’

यात एकही शब्द कोशात शोधावा लागत नाही. कायद्याच्या दृष्टीने चूक असेल तर दुरुस्त करा, पण दुरुस्त करताना वाक्य लांब करू नका. आणि खाली, जावक क्रमांकाच्या शेजारी, मराठी कुणी केलं तेही लिहा.

आपला,
उरण तालुक्यातला एक खातेदार