आले तसे पाठवले

मला स्वतःची अशी मते मोजून तीन असतील, पण अंगठे दोन आहेत. त्यांच्या जोरावर मी राजकारण, कृत्रिम बुद्धिमत्ता, गुडघेदुखी आणि पश्चिम आशिया या चारही आघाड्या सकाळच्या चहाआधी सांभाळतो. बाकीचे लोक मजकूर ढकलतात आणि मी विचार पुढे नेतो, अशी माझी प्रामाणिक समजूत आहे. दोन्हीसाठी दाबावा लागणारा बाण एकच आहे, हा तपशील मी मनाला लावून घेत नाही. न पटणारी बातमी आली की मी तिची तारीख पाहतो, उगम शोधतो, फोटो कुठला आहे ते तपासतो. पटणारी आली की तिला पाहुण्यासारखे वागवतो; चौकशा न करता आधी बसायला देतो.

समाजमाध्यमांनी आपल्याला मूर्ख केले, हा आरोप मला मान्य नाही. ते काम आपण त्यांच्याआधीच उरकले होते. त्यांनी फक्त त्यातले कष्ट काढून घेतले. नोव्हेंबर 2016मध्ये दोन हजारांच्या नोटेत चिप असल्याचे देशभर फिरले. नोट जमिनीखाली 120 मीटर पुरली तरी उपग्रहाला सापडेल म्हणे. एवढा खड्डा कोण आणि कशाने खणणार, हे विचारायला लागणारा वेळ ती बातमी पाठवायला लागणाऱ्या वेळेपेक्षा जास्त होता, म्हणून कुणी विचारले नाही. 2023मध्ये ती नोट मागे घेतली गेली, तेव्हा चिप कुणी परत मागितली नाही.

अशा मजकुराखाली ‘आले तसे पाठवले’ असे लिहिलेले असते. या तीन शब्दांवर माझे विलक्षण प्रेम आहे. हात झटकण्याची इतकी आटोपशीर सोय वकिलांनाही साधलेली नाही. पण ती आपली नव्हे. जुन्या हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटी नक्कलकार हेच संस्कृतात लिहून मोकळा होई: पुस्तक जसे दिसले तसे उतरवले, शुद्ध-अशुद्धाचा दोष माझा नाही. हा श्लोकही पोथीमागून पोथीत उतरत गेला, म्हणजे ‘आले तसे पाठवले’ हेसुद्धा आले तसेच पाठवलेले आहे! मात्र त्याच नक्कलकाराचा आणखी एक श्लोक असतो. पाठ, कंबर, मान मोडली, नजर ताठरली, इतक्या कष्टाने लिहिले आहे, तेव्हा जपा, असे तो विनवतो. बोरू तासून, शाई घोटून, दिव्याच्या उजेडात अक्षर अक्षर काढणाऱ्या माणसाला हात झटकण्याचा थोडा हक्क पोचतो. माझा तर अंगठाही दुखत नाही. तिसऱ्या श्लोकात पोथी स्वतःच बोलते: मला तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून वाचवा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. फॉरवर्डवरचा इतका कडक निर्बंध पुढे कुणी घातला नाही. तो लागू झाला तर माझे सगळे ग्रुप ओस पडतील, आणि पहिली गच्छंती माझी होईल.

कष्टांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 1 जुलै 2018ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारले. ती अफवा पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांनी ती काळजीपोटी पाठवली असणार. याच गोष्टीचा मला सर्वांत जास्त संताप येतो, कारण त्यांच्या जागी मीही असू शकलो असतो. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. एप्रिल 2020मध्ये, फार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी जाईल, असे केले. त्यानंतर असा मजकूर 70 टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. तेवढ्या दिवसांत कुणाला सत्याचा साक्षात्कार झाला नव्हता. फक्त बाण चारदा जास्त दाबावा लागत होता, आणि आपली तळमळ तेवढ्याने दमली.

कोणी म्हणेल, पारावर आणि न्हाव्याच्या दुकानात दुसरे काय चालत होते? हेच चालत होते. पण तिथे बोलणाऱ्याचे तोंड दिसे, त्याने मागच्या निवडणुकीत केलेले भाकीत लोकांच्या लक्षात असे, आणि थाप वेशीपर्यंत जाऊन थकत असे. दुसरा आक्षेप असा की कष्ट वाढवले तर कामाचा निरोपही अडेल. तो तसाही अडलेलाच आहे. ‘रक्त हवे आहे’ हा बिनतारखेचा निरोप रुग्ण घरी जाऊनही वर्षानुवर्षे फिरतो, आणि आजचा निरोप त्या गर्दीत हरवतो.

म्हणून माझी सूचना अशी, की पुढे पाठवायचा मजकूर आधी वहीत हाताने उतरवावा. तिसऱ्या ओळीला माझे बोट दुखेल, चौथीला शंका येईल, आणि खाली लिहिलेले ‘पु. ल. देशपांडे’ हे नाव पाचव्या ओळीला माझ्याच्याने खरे मानवणार नाही. (माझे एखादे वाक्य त्यांच्या नावावर फिरावे, ही इच्छा मात्र मी सोडलेली नाही.) सूट एकाच गोष्टीला द्यावी: ‘शुभ सकाळ’च्या गुलाबाला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे ते फूल दोन दिवस आले नाही, तर कुणीतरी फोन करून विचारते. ते आले तसे पाठवले तरी चालेल.