लांब लेन्सचे शास्त्र

व्यावसायिक गोल्फस्पर्धेस जाताना कोणता कॅमेरा व कोणत्या लेन्स सोबत न्याव्यात, या प्रश्नाचा विचार करणाऱ्यांचे दोन वर्ग पडतात: ज्यांना छायाचित्रे काढावयाची असतात ते, आणि ज्यांना छायाचित्रकार म्हणून दिसावयाचे असते ते. पहिला वर्ग संख्येने अल्प आणि अभ्यासाच्या दृष्टीने नीरस असल्यामुळे प्रस्तुत विवेचन दुसऱ्यापुरते मर्यादित ठेवले आहे. लेखकाची गणना याच वर्गात होते, हे येथे नोंदवून ठेवणे शास्त्रीय प्रामाणिकपणास धरून होईल. पुण्याजवळच्या लोणी काळभोर परिसरात हा वर्ग चांगलाच फोफावला असून, राज कपूर यांच्या राजबाग या शेतावरील चित्रीकरणांमुळे कॅमेऱ्याचे गावाला जे अप्रूप उरले नव्हते ते या मंडळींनी हप्त्यांवर पुन्हा निर्माण केले आहे. येरवड्याच्या पूना क्लब गोल्फ मैदानावर पीजीटीआयची, म्हणजे २००६ साली सुरू झालेल्या भारतीय व्यावसायिक गोल्फमालिकेची, स्पर्धा भरणार असे कळले की या वर्गास जाग येते. त्यातच पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळला, तेव्हापासून गोल्फ हा आपल्याच घरचा खेळ असल्याची भावना, एकही नियम ठाऊक नसताना, बळावलेली आहे.

हौशी छायाचित्रकाराची महत्त्वाकांक्षा बहुधा एकच असते: चेंडूला क्लब (गोल्फच्या काठीस हेच नाव आहे) लागण्याचा नेमका क्षण टिपणे. गोल्फचा चेंडू नियमानुसार किमान ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि व्यावसायिक खेळाडूच्या पहिल्या फटक्यानंतर तो ताशी सुमारे २७० किलोमीटर वेगाने सुटतो. सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढाच काळ शटर उघडे ठेवले, तरी तेवढ्यात चेंडू पावणेचार सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या व्यासाइतका, पुढे सरकलेला असतो. आणि सेकंदाला वीस चित्रे घेणारा कॅमेरा वापरला, तर दोन चित्रांमध्ये तो पावणेचार मीटर गेलेला असतो. क्लब व चेंडू यांची गाठ पडते ती जेमतेम अर्धा सहस्रांश सेकंद. तो क्षण सापडणे हा दैवयोग होय. परंतु दैवयोगासाठी कोणी कर्ज काढत नाही, म्हणून दुकानदार त्यास ‘बर्स्ट स्पीड’ म्हणतो.

दुसरी अडचण शांततेची. खेळाडू क्लब मागे नेत असताना शटरचा खट् असा आवाज करणे हे गोल्फमध्ये महत्पाप मानले जाते. २००२ साली अमेरिकेतील एका स्पर्धेत टायगर वुड्सच्या फटक्यात व्यत्यय आणणाऱ्या एका प्रेक्षकाचा कॅमेरा वुड्सचा मदतनीस (कॅडी) स्टीव्ह विल्यम्स याने हिसकावून थेट तळ्यात फेकला होता. ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धेत तर प्रेक्षकांना केवळ सरावाच्या दिवशीच कॅमेरा नेता येतो. आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांच्या मूक शटरने आवाजाचा प्रश्न सोडवला खरा, पण त्यातून नवे संकट उद्भवले. असा कॅमेरा दृश्य एकदम न वाचता वरून खाली एकेका ओळीने वाचतो, आणि तेवढ्यात क्लब पुढे गेलेला असल्याने चित्रात तो धनुष्यासारखा वाकलेला उमटतो. ज्यांच्याकडे हे वाचन अतिजलद करणारे महागडे कॅमेरे नाहीत त्यांच्या संग्रहात त्यामुळे अत्यंत उत्तम खेळाडू अत्यंत वाकड्या काठ्यांनी खेळताना आढळतात, आणि पाहुण्यांस ती नवी शैली असल्याचे सांगितले जाते.

छायाचित्रकार म्हणून दिसावयास जी लांब लेन्स लागते तिचा सोस गोल्फमधून आलेला नाही, तो कवडीपाटहून आलेला आहे, आणि येथे थोडे विषयांतर अपरिहार्य ठरते. लोणी काळभोरजवळ मुळामुठेवरील या लहानशा बंधाऱ्यापाशी हिवाळ्यात पक्षी उतरतात व त्यांच्या मागोमाग छायाचित्रकार. लडाख-तिबेटकडील चक्रवाक, ज्यांस ब्राह्मणी बदक असेही म्हणतात, गुलाबी काटकुळ्या पायांचे शेकाटे, चित्रबलाक, नदीसुरय, कवड्या खंड्या अशी सभा भरते, आणि काठावर तितकीच शिस्तबद्ध उतरंड मांडली जाते: दोनशे मिलिमीटरवाल्याने चारशेवाल्यास वाट द्यावी, चारशेवाल्याने सहाशेवाल्यापुढे ट्रायपॉड लावू नये, आणि मोबाइलवाल्याने ‘काय दिसतंय का?’ असे विचारून मागल्या पावली परतावे. येथे कोणी कोणाचे नाव विचारत नाही. ‘ते सहाशे आलेत’ एवढ्यावर ओळख पूर्ण होते. ज्याची लेन्स वाळूच्या रंगाच्या पट्टेदार कापडाने मढवलेली असते त्याची बदके तरी फसतात की नाही हे सांगणे कठीण, पण शेजारचे छायाचित्रकार निश्चित दबतात. सहाशेवाला कधीही ‘मला दिसला’ असे म्हणत नाही, ‘मिळाला’ असे म्हणतो. नर चक्रवाकाच्या मानेभोवतीचे काळे कडे ‘मिळाले’ नाही तर त्याची सकाळ फुकट जाते, व ते मिळाल्याचे त्याच्या खांद्यांच्या ठेवणीवरूनच इतरांस कळते.

मात्र कवडीपाटला लांब लेन्स लागते याचे एक कारण कोणत्याही माहितीपत्रकात दिलेले नसते. पुण्याचे सांडपाणी पोटात घेऊन येणारी नदी बंधाऱ्यावरून खाली पडते तेव्हा साबण व धुण्याच्या पावडरींतील रसायने तिच्यात हवा कोंडून ठेवतात आणि पांढऱ्या फेसाचे लोट तयार होतात. शेकाटा त्या फेसात पाय बुडवून उभा असतो, पाय उचलतो तेव्हा फेसाचा एक गोळा बोटांना चिकटून वर येतो, आणि काठच्या बाभळीवर पुराने अडकवलेल्या पिशव्या फडफडत असतात. सहाशे मिलिमीटरच्या लेन्सला जेमतेम चार अंशांचा कोन दिसतो. त्या चार अंशांत शेकाटा मावतो, फेस बाहेर राहतो, आणि मागची जलपर्णी धूसर हिरवी होऊन हिमालयातील एखाद्या सरोवराचा आभास देते. त्या छायाचित्रांना दाद भरपूर मिळते, आणि ज्या शहराच्या मोऱ्या इथवर येतात तेच शहर ती देते. या गोष्टीचा राग यावयास हवा, आणि येतोही. फक्त तो छायाचित्र पाठवून झाल्यानंतर येतो.

हीच लेन्स गोल्फच्या मैदानावर नेली असता नेमके तेच घडते. खेळाडूचा चेहरा, ताणलेला खांदा, हवेत उडालेले गवताचे तुकडे हे सर्व चौकटीत येते, आणि कॅडी बाहेर पडतो. कॅडी म्हणजे खेळाडूची अवजड पिशवी अठराही होल वाहणारा, अंतर मोजून क्लब सुचवणारा आणि वाळूच्या खड्ड्यातील पावले दाताळ्याने पुसून टाकणारा मनुष्य. त्याच्या टॉवेलाचे एक टोक नेहमी ओले व दुसरे कोरडे असते. चेंडू हातात आला की ओल्याने माती काढायची, कोरड्याने पुसायचे आणि तो परत देताना नजर पुढच्या झेंड्याकडे ठेवायची, हे काम तो न बोलता करतो. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक गोल्फपटू अली शेर हा दिल्लीच्या मैदानावर कॅडी होता, आणि भारतातील अनेक चांगले व्यावसायिक याच वाटेने वर आले, हे लक्षात घेता आज चौकटीबाहेर ठेवलेला मनुष्य उद्या चौकटीचा विषय होऊ शकतो. तेवढ्या दूरदृष्टीची लेन्स बाजारात मिळत नाही. मिळते ती ७०-२०० मिलिमीटरची, दीड किलोच्या आसपासची, जिच्यात खेळाडू, कॅडी आणि दोघांमधील ते अंतर असे तिन्ही मावतात. परंतु ती आखूड दिसते, आणि दोरीपलीकडील गर्दीत तिच्यामुळे कोणीही वाट देत नाही.

तेव्हा शास्त्रशुद्ध निवड स्पष्ट आहे: एक मूक शटरचा कॅमेरा, एक ७०-२००, एक लहान रुंद लेन्स, दोन बॅटऱ्या, टोपी व पाण्याची बाटली, कारण खेळाडूंमागे पूर्ण फेरी चालावयाची तर सात-आठ किलोमीटर सहज होतात. प्रत्यक्षात मात्र पिशवीत दोन किलोची सहाशेवाली प्रथम ठेवली जाते, मग तिच्यासाठी मोनोपॉड, म्हणजे एकपायी टेकू, आणि जागा उरल्यास ७०-२००. पाण्याची बाटली दाराशीच राहते. ज्या वस्तूचे हप्ते अजून फिटावयाचे आहेत ती घरी ठेवून येरवड्याला जाणे कोणत्याही अर्थशास्त्रात बसत नाही. पाठीवर हे सामान चढवून मनुष्य सोलापूर रस्त्याच्या दिशेने निघाला की घरातील ज्येष्ठ मंडळी ‘लग्नाची ऑर्डर मिळाली का रे?’ असे विचारतात. गोल्फ पाहावयास चाललो आहे असे सांगितले असता त्यांची निराशा होते, आणि तिथे जेवायला तरी देतात का, असा पुढला प्रश्न येतो, ज्याची तरतूद सहाशे मिलिमीटरच्या माहितीपत्रकात कोठेही नाही.