बाळासाहेब, लेव्हल बेचाळीस

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजाकडच्या एका जुन्या वाड्यात बाळासाहेब राहतात. वय सत्तावीस. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून पाळण्यातल्या पोरालाही 'साहेब' लावायची सरदारी खोड अजून गेलेली नाही, म्हणून बाळासाहेब. गेममध्ये त्यांचं नाव वेगळं आहे; त्यात मृत्यू आहे, अंधार आहे आणि शेवटी दोन शून्यं आहेत. असा एक बाळासाहेब आता इंदुरात, बडोद्यात, ठाण्यातही सापडतो. आमचा जरा जुन्या भिंतींत मुरलाय, एवढंच.

नवा माणूस भेटला की आमचे वडीलधारे विचारत, "देशस्थ की कऱ्हाडे?" बाळासाहेब विचारतात, "सब की डब?" म्हणजे अ‍ॅनिमे जपानी आवाजात, खालची अक्षरं वाचत बघता, की सरळ हिंदीत? हिंदीत म्हणालात तर पाणी मिळेल, चहा नाही. ते स्वतः हिंदी बोलणाऱ्या डोरेमॉनवर लहानाचे मोठे झाले, हे मात्र कुणी काढायचं नाही. कुठल्या घराण्यात बालपणीची सगळी लफडी वंशावळीत लिहितात?

जपानी त्यांना थोडी येते. 'नानी' म्हणजे त्या भाषेत 'काय?' पडद्यावर कुणी दगा दिला की बाळासाहेब किंचाळतात, "नानी?!" आणि स्वयंपाकघरातून नानी, म्हणजे त्यांची आजी, पिठाच्या हातांनी धावत येते. "काय रे, दूध फाटलं का?" (आमच्याकडे दूध नासत नाही, फाटतं. पुणेकरांनी हसून घ्यावं.) रात्री दोनपर्यंत हे चालतं. म्हातारीचे गुडघे त्यामुळेच मोकळे राहिलेत, असं डॉक्टर सोडून सगळे म्हणतात.

खेळावरून माणूस ओळखता येतो, हा त्यांचा सिद्धांत. पत्रिका बघणाऱ्या जोशीबुवांपेक्षा ते ठामपणे बोलतात. बंदुकीचे खेळ खेळणारा घरात दबलेला असतो. 'स्टारड्यू व्हॅली'त शेती करणारा ऑफिसला कंटाळलेला. 'वन पीस' पहिल्यापासून बघणारा लग्नाला योग्य, कारण हजाराहून जास्त भाग जो न सोडता बघतो, तो बायकोही सोडणार नाही. एकदा इंदूरचं स्थळ आलं. मुलगी म्हणाली, "मी रोज दोन तास शेती करते." बाळासाहेबांच्या आईला वाटलं, गावाकडे जमीन असावी. बैठक दीड तास रंगली. मग कळलं की तिचे भोपळे फोनमध्ये होते, आणि आईचा चेहरा उतरला. बाळासाहेब मात्र तेव्हापासून त्या मुलीशी रोज गोष्ट करतात. आमच्याकडे गोष्ट सांगत नाहीत, करतात.

या शास्त्रात त्यांच्या मावशीला जागा नाही. ती 'कँडी क्रश'च्या तीन हजारांच्या पुढच्या लेव्हलला आहे, देवळात आरतीच्या रांगेतसुद्धा गोळ्या फोडते, आणि तरी तिला कुणी गेमर म्हणत नाही. माझ्या मते वाड्यातली एकमेव खरी खेळाडू तीच.

एकदा मी सरळ विचारलं, "बाळासाहेब, यात एवढं आहे तरी काय?" उत्तर तयार होतं. "काका, गेममध्ये मेलो तर कशानं मेलो ते कळतं. उडी उशिरा मारली, ढाल खाली घेतली. भरतीच्या परीक्षेत चार वर्षं मरतोय, कशानं ते ठाऊक पडत नाही." यावर मी बेडई आणि भाजी मागवली. आणखी काय करणार?

पण खरी मजा नानांपुढे आली. नाना ग्वाल्हेर घराण्याचे कानसेन. तानसेन समारोह चुकवला नाही आणि दुसऱ्या कुठल्या घराण्याचं कौतुकही कधी केलं नाही. नातवाला ते 'कार्टूनवाला' म्हणत. एका संध्याकाळी लाइट चालली गेली, पडदे काळे झाले, आणि नानांनी हद्दू-हस्सू खाँची आख्यायिका काढली. दौलतराव शिंद्यांच्या दरबारात बडे महंमद खाँ गात. त्यांची तान कुणाला मिळत नसे. म्हणून या दोघा भावांना पडद्याआड बसवलं. ऐकून ऐकून त्यांनी गायकी उचलली आणि एक दिवस भर दरबारात गाऊन दाखवली. पुढे त्याच खाँसाहेबांनी हस्सूला 'कडक बिजली'ची तान घ्यायला लावली. तान छातीवर बेतली, रक्त आलं, आणि त्यातच तो गेला.

बाळासाहेब ताठ बसले. "म्हणजे चोरून शिकलेली सीक्रेट टेक्निक? आणि फॉरबिडन मूव्ह? नाना, हे आधी का नाही सांगितलं?"

मग मीही भर घातली. 1761 साली पानिपतावर महादजी शिंदे पायानं कायमचे अधू झाले; राणे खान नावाच्या भिश्त्यानं त्यांना वाचवलं; दहा वर्षांनी, 1771 मध्ये, तेच महादजी दिल्ली घेतात. "मधली दहा वर्षं म्हणजे ट्रेनिंग आर्क!" बाळासाहेब ओरडले. तानसेनाच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो, या समजुतीला त्यांनी तिथल्या तिथे 'पॉवर-अप' घोषित केलं. दुसऱ्या दिवशी जाऊन पाला खाऊनही आले. गळा होता तसाच राहिला, पोट बिघडलं.

तेव्हापासून नाना रात्री नातवाच्या खोलीत खुर्ची टाकून बसतात. परवा मी डोकावलो. 'एल्डन रिंग' नावाचा खेळ चालू होता. समोर मलेनिया नावाची एक हात खोटा असलेली बाई. तिचा वार आपल्याला लागला की ती स्वतः थोडी बरी होते. बाळासाहेब तिच्याकडून एकेचाळीसाव्यांदा मेले.

नाना डोळे मिटून म्हणाले, "लयीत घाई होतेय. स्थायी नीट भर, मग तानेला हात घाल. पुन्हा घे."

बेचाळीसाव्यांदा बाळासाहेब थांबून थांबून खेळले. बाई खाली कोसळली. मग पुन्हा उठली, पंखांसकट.

"नानी?!"

नानी पिठाच्या हातांनी आली, पडद्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, "मेलीला आधी जेवू घाल, मग भांड."

तेवढ्यात लाइट चालली गेली.