साठ हजारांतून बाहेर पडण्याची शास्त्रोक्त पद्धत

सदर मार्गदर्शिका वय वर्षे 22 ते 28, हातात पडणारा पगार 21,000 रुपये, मुक्काम पुणे (कॉट बेसिस) आणि क्रेडिट कार्डावर बाकी 60,000 रुपये अशा साधकांसाठी सिद्ध करण्यात आली आहे. ज्यांचा पगार याहून बराच जास्त आहे त्यांनी ती इतरांना उपदेश करण्यासाठी वापरावी, तशी प्रथाच आहे. ज्यांचा पगार इतका कमी की कुठल्याच बँकेने त्यांना कार्ड देऊ केलं नाही, त्यांनी थेट ॲपच्या परिच्छेदाकडे जावं. ते बहुधा आधीच तिथे पोचलेले असतील.

साधनेला बसण्यापूर्वी पात्रता लागते, म्हणजे कर्ज लागतं. त्यासाठी फार खटपट नको. मॉलच्या दारात टेबल मांडून बसलेला टाय घातलेला मुलगा 'लाइफटाइम फ्री' म्हणतो आणि आपल्याला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी काहीतरी तहहयात दिलेलं असतं. पुढचं आपोआप घडतं. साठ हजार म्हटलं की काका मंडळींच्या डोळ्यांपुढे पोराचा फोन येतो. फोनचे त्यात 18,000 असतात, ते कबूल करून टाकावं. उरलेल्या 42,000 मध्ये वडील चार दिवस ॲडमिट होते ते, ताईच्या लग्नातला आहेर आणि कॉटचं डिपॉझिट एवढं सगळं असतं. पण व्याख्यान फोनवरच होईल. ते मुकाट्याने ऐकावं.

पहिली पायरी म्हणजे बाकीचं दर्शन घेणे. दर महिन्याला बँक स्टेटमेंट पाठवते आणि साधक ते न उघडण्याचा नेम पाळतो. नेम मोडावा. त्या पीडीएफला पासवर्ड असतो, बहुतेक वेळा नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख. म्हणजे आपण कोण आणि कशासाठी जन्माला आलो याचं स्मरण करूनच आत प्रवेश मिळतो. आत दोन आकडे ठळक दिसतील, एकूण देय 60,000 आणि किमान देय 3,000. साधकाची नजर दुसऱ्यावर जाते, त्याला हायसं वाटतं, आणि ते वाटावं म्हणूनच तो आकडा तिथे असतो. खाली बारीक अक्षरांत एक सूचना असते की फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर परतफेड महिने-वर्षं लांबेल. इतकं खरं वाक्य त्या कागदावर दुसरं नसेल.

आता गणित. दर महिना साडेतीन टक्के धरू. कार्डांचे दर याच्या आगेमागेच असतात. साठ हजारांवर व्याज झालं 2,100. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 378. (कर्जबाजारी होणं ही एक सेवा आहे आणि सेवेवर कर असतो.) एकूण 2,478. साधकाने पोटाला चिमटा काढून 3,000 भरले, त्यातले 522 मुद्दलात गेले. कार्डावर नवा एक रुपयाही खर्च केला नाही आणि दर महिन्याला न चुकता पाच टक्क्यांची किमान रक्कम भरली, तर साधारण साडेसहा वर्षांनी बाकी निम्मी होते. निम्मी. तोवर फोनची बॅटरी दोनदा बदललेली असते आणि ताईचा मुलगा शाळेत जातो.

शिवाय 'नवा एक रुपयाही नाही' हे म्हणायला सोपं. बाकी थकली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत बंद होते, व्याज पहिल्या दिवसापासून लागतं. आणि 2022 पासून रुपे कार्ड यूपीआयला जोडता येतं, तेव्हा टपरीवरचा चहाही वर्षाला 42 टक्के दराने पिता येतो. हे जोडणं आजच तोडावं. चहा रोखीने प्यावा, तो लवकर संपतो.

दुसरी पायरी खर्च कमी करण्याची. ती लवकर आटपू. रीलमधले अर्थगुरू 50-30-20 चा नियम सांगतात. निम्मा पगार गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला. एकवीस हजारांचे तीस टक्के होतात 6,300. दरमहा एवढे पैसे हौसेसाठी काढून ठेवायचे आहेत हे ऐकून साधकाला गहिवरून येतं. वस्तुस्थिती अशी: कॉट 5,500, मेस 3,800, जाणं-येणं 1,500, मोबाइल 350, घरी पाठवायचे 4,000, चहा-नाश्ता-साबण-औषधं 2,500. उरले 3,350. महागडी कॉफी सोडा असा सल्ला मिळेल. जी प्यायलीच नाही ती सोडणं हे वैराग्यात मोडतं, बचतीत मोडत नाही. कुणाला पटो न पटो, माझ्या मते या पगारात काटकसरीने कर्ज फिटत नाही. साधक काटकसर आधीपासून करतोच आहे. बदलायचा आहे तो व्याजाचा दर.

हे साधकालाही कळतं, फक्त तो चुकीच्या दिशेने बदलतो. याला टोपी फिरवणे म्हणतात. कार्डाचा हप्ता चुकू नये म्हणून तो ॲपवरून दहा हजार घेतो. मंजुरी पाच मिनिटांत येते. प्रोसेसिंग फी हजार, तिच्यावर जीएसटी 180, खात्यात पडतात 8,820. तीस दिवसांनी अडीच टक्के व्याजासह 10,250 परत करायचे. जाहिरातीत फक्त अडीच टक्के दिसतात. प्रत्यक्षात 8,820 वापरायला मिळाले आणि 1,430 जास्त गेले, म्हणजे महिन्याला सोळा टक्क्यांच्या वर. आपल्या पेठेतला बदनाम सावकार शेकडा दहाने देतो, तो या हिशोबात दयाळू गृहस्थ ठरतो. (त्याच्यासाठी 2014 चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आहे, परवाना लागतो, आणि शेतीबाहेरच्या विनातारण कर्जाला वर्षाला 18 टक्क्यांची मर्यादा आहे. शेकडा दहा म्हणजे वर्षाला 120. परवाना कुठे लावलाय, असं त्याला विचारून बघायला हरकत नाही; दोन पावलं मागे उभं राहून विचारावं.)

ॲप घ्यायचंच असेल तर त्याच्या मागे कुठली बँक किंवा एनबीएफसी आहे ते बघावं. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर डिजिटल कर्ज देणाऱ्या ॲपची यादी आहे. सगळे खर्च धरून वार्षिक दर किती हे एका पानावर सांगणं कर्ज देणाऱ्यावर बंधनकारक आहे, ते पान मागावं. आणि कर्ज देताना जो तुमच्या फोनमधले सगळे नंबर बघू देण्याची परवानगी मागतो त्याच्याशी व्यवहार करू नये. नियमाने त्याला ती मागताच येत नाही. तो ते नंबर दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला घेत नसतो.

इथे थोडं पूर्वसूरींचं स्मरण करू. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे आणि वह्या बाहेर काढून जाळल्या. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरलं. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. कर्जमुक्तीची ही पद्धत त्या काळी प्रभावी होती, आज मात्र शिफारस करता येत नाही. वह्या सर्व्हरवर आहेत आणि सर्व्हर नेमका कुठे आहे हे हप्ता मागायला फोन करणाऱ्यालाही ठाऊक नसतं. दामदुपटीचा जुना नियम, म्हणजे व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये हा, आठवून साधकाचे डोळे चमकतील. बँकेसमोर तो चालत नाही. कायदेशीर दिवाळखोरीचं म्हणाल तर 2016 च्या नव्या संहितेतला सामान्य माणसासाठीचा भाग अजून लागू झालेला नाही. मुंबईकराने 1909 चा कायदा उघडावा, पुणेकराने 1920 चा. साठ हजारांसाठी एवढा इतिहास कुणी वाचत नाही.

तेव्हा तिसरी आणि खरी पायरी. ही अवघड आहे, म्हणून तिला वेळ देऊ. तोंड उघडणे.

साधकाने एक तक्ता मनात मांडावा. पगारदार पतसंस्था, वर्षाला साधारण 14 टक्के: दोन जामीनदार लागतात. आईच्या सोन्यावर बँकेचं कर्ज, दहाच्या आसपास: आईला सांगावं लागतं. आईचा बचतगट, शेकडा दोन, म्हणजे वर्षाला 24, स्वस्त नाही पण कार्डाच्या जवळपास निम्मा: गटातल्या सगळ्या बायकांना सांगावं लागतं, म्हणजे गावाला. मामा, शून्य टक्के: मामीला कळतं. कार्ड, जीएसटी धरून पन्नासच्या जवळ: कुणालाच सांगावं लागत नाही. ॲप, दोनशेच्या घरात: तिथे तर माणूसच भेटत नाही. तक्ता वरून खाली वाचला तर दिसेल की जिथे कुणालाच सांगावं लागत नाही तिथे दर सगळ्यात चढा असतो. पतसंस्थेत त्याच साठ हजारांचं पहिल्या महिन्याचं व्याज 700 होतं, कार्डावर 2,478. मधले 1,778 हे गप्प बसण्याचं भाडं आहे. कॉटच्या भाड्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा.

आणि तेच तीन हजार? पतसंस्थेत 14 टक्क्यांनी साठ हजारांचा दोन वर्षांचा हप्ता 2,881 बसतो. चोवीस महिन्यांत विषय संपला. जे साठ हजार कार्डावर नुसती किमान रक्कम भरून साडेसहा वर्षांत जेमतेम निम्म्यावर येत होते तेच.

कंपनीत पतसंस्था नसेल तर गावच्या पतपेढीत वडिलांचं खातं असतं. तिथला मॅनेजर वडिलांना ओळखतो, आणि साधक तिथे पाऊल ठेवत नाही तो याच एका कारणाने. जामीनदार शोधताना मित्राला स्पष्ट सांगावं की हप्ता चुकला तर तुझ्याकडे येतील. जो तरीही सही करतो त्याला लग्नाला बोलवावं. जो करत नाही त्यालाही बोलवावं, तो शहाणा आहे. सोनं ठेवण्याला माझी हरकत नाही, पण एका अटीवर: त्या पैशाने कार्ड फिटलं त्याच दिवशी ते बंद करायचं. नाहीतर सहा महिन्यांत सोनंही बँकेत आणि कार्डही पुन्हा भरलेलं.

यातलं काहीच जमत नसेल तर निदान कार्ड देणाऱ्या बँकेलाच फोन लावावा आणि बाकीचे हप्ते पाडून मागावेत. दर बऱ्याचदा खूप खाली येतो. प्रोसेसिंग फी किती आणि मुदतीआधी फेडलं तर दंड किती, एवढं विचारून घ्यावं.

घरी कसं सांगावं याचाही विधी आहे. फोनवर सांगू नये. शनिवारच्या एसटीने जावं. जेवण झाल्यावर, वडील पेपर घेऊन बसले की स्वयंपाकघरात जावं. संभाषण साधारण असं होतं:

"आई, एक सांगायचंय."

"काय झालं रे? कोण आहे ती?"

"कोणी नाही. कर्ज झालंय. साठ हजार."

"एवढंच ना? जीव घाबरा केलास माझा." मग दोन मिनिटांनी, "साठ?" आणि त्यानंतर आवाज चढतो. बाहेरून वडील न विचारता सांगतात, "आधी तो मोबाइल विक." हे सगळं तासाभरात आटपतं. दुसऱ्या दिवशी डब्यात शेंगदाण्याची चटणी जरा जास्तच भरलेली असते. जाताना मामाचा नंबर लागतो. मामाला आधीच कळलेलं असतं.

मध्यंतरी हप्ता चुकला असेल तर वसुलीचे फोन येतील. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर त्यांनी फोन करू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सव्वासातला आलेला फोन उचलून आधी वेळ सांगावी. शिवीगाळ झाली, नातेवाइकांना फोन गेले, तर रेकॉर्डिंग ठेवावं, आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी, तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावं. माहितीचा नंबर 14448. कुणी फोटो बदलून पाठवण्याची धमकी दिली तर मात्र तीस दिवस थांबू नये, 1930 लावावा आणि पोलीस चौकी गाठावी. तो गुन्हा आहे, कर्ज कितीही असो. इथे विनोद बाजूला ठेवला आहे.

त्यातलाच एखादा गोड आवाज म्हणेल, पंचवीस हजार भरा, सेटल करून टाकू. मोह होतो. पण क्रेडिट रिपोर्टवर 'क्लोज्ड'ऐवजी 'सेटल्ड' पडतं आणि पुढे कर्ज मागायला गेलं की तो शब्द आडवा येतो. ज्याच्याकडे खरंच दुसरा मार्ग नाही त्याने करावं, पत्र हातात आल्याशिवाय एक पैसा देऊ नये. रिपोर्ट वर्षातून एकदा प्रत्येक संस्थेकडून फुकट मिळतो. कुणी 399 रुपये मागत असेल तर ती त्याची साधना आहे.

शेवटी बाकी शून्य होते. त्याच आठवड्यात मेसेज येतो की आपल्या उत्तम व्यवहारामुळे मर्यादा दीड लाख करण्याची संधी आहे. स्पष्ट संमतीशिवाय ती वाढवता येत नाही, तेव्हा कुठलंही बटण दाबू नये. थकबाकी नसल्याचं पत्र घ्यावं आणि कार्ड बंद करण्याची लेखी विनंती द्यावी. विनंती आल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद केलं पाहिजे. नाही केलं तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये तिने ग्राहकाला द्यायचे, असा नियम आहे. साधकाने कालनिर्णयवर तारीख लिहून ठेवावी, सुट्ट्या वगळून दिवस नीट मोजावेत, आणि आठव्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला, नियमात बसणाऱ्या वेळेत, बँकेला वसुलीचा फोन लावावा.