पर्यावरण युवादूत पाहिजेत

जून आला की आमच्याकडे दोघांची वाट पाहिली जाते : पावसाची आणि तरुणांची. पाऊस मनाला येईल तेव्हा येतो. तरुणांना मात्र पर्यावरण दिनाला, म्हणजे ५ तारखेला, सकाळी आठला मैदानावर हजर राहावे लागते, कारण प्रमुख पाहुणे साडेदहाला येतात. तरुणांनी पुढे यावे, असे व्यासपीठावरचे सगळेच सांगतात. कुठपर्यंत पुढे यावे हे सांगायचे राहून जाते आणि मग पुढचे घोटाळे होतात. ते टाळण्यासाठी यंदा आमच्या निवड समितीने युवादूताची पात्रता लेखी ठरवून टाकली आहे.

उमेदवाराला हवामानबदलाची कळकळ असावी. ती उत्तर ध्रुवावरच्या बर्फाबद्दल असल्यास प्राधान्य, पांढऱ्या अस्वलाबद्दल असल्यास थेट निवड. अस्वलाच्या जमिनीत कुणा पुढाऱ्याचा प्लॉट नसतो. स्वतःच्या वॉर्डातल्या नाल्याबद्दल कळकळ असणाऱ्यांनी अर्जासोबत नगरसेवकाचे ना हरकत पत्र जोडावे.

मत मागितले म्हणून लगेच देणारा उमेदवार चालणार नाही. ही अट अनुभवातून आली आहे. २०२० च्या मार्चमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नव्या नियमांचा मसुदा काढला. आधी प्रकल्प उभारा, मंजुरी मागाहून घ्या, अशीही सोय त्यात होती. लोकांनी हरकती कळवाव्यात म्हणून ईमेलचा पत्ता दिला होता. मसुदा इंग्रजी-हिंदीत. तो राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या सगळ्या, म्हणजे २२ भाषांत आणा, असे जूनअखेरीस दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले. तेवढ्यात ‘फ्रायडेज फॉर फ्यूचर’ या हवामान चळवळीतल्या पोरांनी लोकांना ईमेल पाठवायला लावले आणि ईमेलांचा पूर आला. त्या वेळी पर्यावरणमंत्री होते प्रकाश जावडेकर. सूचना मागवल्या की सूचना येतात, याचा पुण्याच्या माणसाला त्रास व्हावा हे आम्हाला अजून पटलेले नाही. तक्रार झाली. जुलैत दिल्ली पोलिसांनी पोरांच्या संकेतस्थळाविरुद्ध नोटीस काढली, तीही बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली, ज्याखाली दहशतवाद्यांना धरतात. संकेतस्थळ बंद पडले. पुढे ते कलम चुकून लागल्याचे सांगून नोटीस मागे घेतली गेली. जुलै हा कलमे लावण्याचाच महिना, तेव्हा आम्ही ते समजून घेतले.

दुसरी अट झोपेची. उमेदवार रात्री लवकर झोपणारा हवा. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईच्या आरे वसाहतीतल्या झाडांबाबतच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रो-३ च्या कारशेडसाठी करवती सुरू झाल्या. एरवी रस्त्यावरचा खड्डा बुजवायला दोन पावसाळे घेणारी यंत्रणा जेवणसुद्धा न करता कामाला लागली, याचे कौतुक राहिले बाजूला. तरुण मुलेमुली झाडांकडे धावली. २९ जणांना अटक झाली, त्यांत विद्यार्थी होते. गुन्हा, सरकारी कामात अडथळा. जामीन प्रत्येकी ७,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर. कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. तेवढ्यावर सर्वोच्च न्यायालय दसऱ्याच्या सुटीत, ७ तारखेला, बसले आणि म्हणाले, यापुढे झाड तोडू नका. सरकारने तत्काळ मान्य केले. हवी तेवढी तोडून झालीच होती : २,१४१. न्यायालयाचा आदेश येण्याआधीच तो पाळण्याची तयारी पूर्ण असल्याचे दुसरे उदाहरण समितीच्या पाहण्यात नाही.

मेट्रो हवीच होती, हे आम्हीही म्हणतो. गाड्या कमी होतील, धूर कमी होईल. वाद शेडच्या जागेचा होता; पण पोरांचे म्हणणे अर्धेच ऐकले की त्यांना ‘विकासविरोधी’ म्हणायला सोपे जाते. आरे ते बीकेसी टप्प्याचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ ला झाले, करवती चालल्या त्याला बरोबर पाच वर्षे होत असताना. डब्यात गारवा उत्तम आहे.

निवड झालेल्यांना मानचिन्ह, टी-शर्ट आणि फ्लेक्सवर जागा मिळेल. फ्लेक्स वीस फुटी. त्यात मार्गदर्शक, प्रेरणास्थान, आधारस्तंभ आणि वाढदिवस असलेले दादा यांचे फोटो बसल्यावर उरेल तो कोपरा युवादूतांचा. भाषणाला दोन मिनिटे. मजकूर आदल्या दिवशी समितीला दाखवावा. त्यात ‘आपण सगळे जबाबदार आहोत’ हे वाक्य असलेच पाहिजे. कोण किती, हे विचारायचे नाही.

अर्ज कार्यालयीन वेळेत समक्ष आणून द्यावेत. ईमेल कृपया पाठवू नयेत.