शिराळ्यात दोन गुंठे : नवशिक्यांसाठी पायरी पायरीने

पुण्यात किंवा मुंबईत नोकरी करून निवृत्तीला आलेल्या माणसाला एक दिवस अचानक वाटतं, की गावाकडं आपलं काहीतरी असावं. हे वाटणं साधारण गणपतीत सुरू होतं आणि दिवाळीपर्यंत इसार देऊन संपतं. मधल्या काळासाठी ही मार्गदर्शिका. गाव शिराळा, म्हणजे बत्तीस शिराळा, जिल्हा सांगली. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, रस्त्याकडेच्या उसाच्या रानात चुन्याच्या रेघा दिसायला लागल्या, आणि ज्याच्या हातात काल खुरपं होतं त्याच्या हातात आज प्लॉटिंगचा नकाशा आहे. अशा वेळी नवशिक्यानं मागं राहू नये.

लागणारं साहित्य

थोडी शिल्लक, चिखलात टिकणाऱ्या चपला, सातबारा वाचता येणारा एक चुलता आणि सबुरी. चुलता नसेल तर वकील चालेल. दोन्ही नसतील तर आहे तिथंच भाड्यानं राहा, तब्येतीला बरं.

पायरी १ : जाहिरात वाचायला शिका

जाहिरातीत अंतर किलोमीटरमध्ये नसतं, मिनिटांत असतं. ‘पेठ नाक्यापासून अवघ्या काही मिनिटांवर’ यातली मिनिटं एजंटाच्या मोटारसायकलची, पहाटे पाचची आणि कारखाने बंद असतानाची असतात. गळीत हंगामात पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आणि त्यावर फुल आवाजात गाणी असली, की तीच मिनिटं वाढत जातात. ‘इस्लामपूरशेजारी’ असं लिहिलेलं असेल तर पाटीवर ईश्वरपूर शोधा. नाव बदललं, अंतर तेवढंच राहिलं.

‘निसर्गाच्या कुशीत’ म्हणजे रस्ता नाही. ‘रोड टच’ म्हणजे पाणंदीला टच. ‘ऐतिहासिक परिसर’ हे मात्र खरं. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक इथं आहे, गोरक्षनाथांचं देऊळ आहे, आणि कैदेतल्या संभाजीराजांना सोडवायचा प्रयत्न इथल्या भुईकोटाजवळ झाला असं गावात सांगतात. फक्त या इतिहासाचा दर गुंठ्यात धरायचा नसतो.

पायरी २ : एजंटाशी बोला

एजंटाला गावात सगळे तात्या म्हणतात, तुम्हीही म्हणा. तो आधी तुमचं गाव विचारेल, मग आडनाव, मग ‘कुणापैकी?’ याचं उत्तर देईपर्यंत जागेचा विषय निघत नाही. पुढचं संभाषण पाठ करून ठेवावं, कारण ते बदलत नाही.

“तात्या, जागेला रस्ता आहे का?”

“हाय की! ह्यो काय समोर. सगळी ह्याच वाटनं जात्यात.”

“पण वाट कुणाची?”

“वाट कुणाची असतीया व्हय, सायेब? वाट ती वाट.”

“कागदावर आहे का?”

“होतंय की.”

‘होतंय की’ हे नीट लक्षात ठेवा. एनए झालंय का? होतंय की. नळ आलाय का? होतंय की. डांबरीकरण? मंजूर हाय, होतंय की. या दोन शब्दांवर तालुक्यात बराच व्यवहार होतो, आणि तात्या खोटं बोलत नाही. होतं सगळं. कुणाच्या हयातीत, एवढंच तो सांगत नाही.

पायरी ३ : सातबारा वाचा, नुसता बघू नका

नवशिका सातबाऱ्यावर क्षेत्र बघतो आणि खूश होतो. मुरलेला माणूस आधी ‘इतर हक्क’ वाचतो. तिथं सोसायटीचा बोजा असतो, कुळाचं नाव असतं, कधी कोर्टाच्या दाव्याची नोंद असते. मग भोगवट्याचा वर्ग बघावा. वर्ग १ असेल तर पुढं जा. वर्ग २ असेल तर सरकारी परवानगीशिवाय विक्री होत नाही. इनाम, वतन, देवस्थान असे शब्द दिसले तर चहा प्या आणि परत या.

मग नावं मोजा. विकणारा एक दिसतो, सातबाऱ्यावर नऊ असतात. त्यात एक घाटकोपरला, एक सैन्यात आणि एक बारा वर्षांपूर्वी वारलेला. वारसाची नोंद? होतंय की. बहिणींचं विचाराल तर “त्यांचं काय नसतंय, त्या मागत न्हाईत” असं उत्तर येईल. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. बहिणी मागत नाहीत हे खरं असेलही, पण तुमचं जोतं वर आल्यावर त्यांचे जावई मागतात. म्हणून नोंदणीकृत हक्कसोडपत्र बघितल्याशिवाय पाकीट काढू नये.

जमीन अजून शेतीची असेल तर आणखी एक गाठ आहे. १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यानंच घ्यायची. इथं तुमच्या आजोबांच्या त्या चार गुंठ्यांचा उपयोग होतो, ज्यात एकोणीस नावांच्या रांगेत तुमचंही नाव आहे आणि ज्यावरून तुम्ही गेली वीस वर्षं चुलत्याशी बोलत नाही. आता बोला.

पायरी ४ : गुंठ्याचं गणित

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. तुम्हाला हवेत दोन. पण १९४७ चा तुकडेबंदी कायदा सांगतो, की शेताचा ठरावीक मापाखालचा तुकडा विकता येत नाही. २०२३ साली हे माप जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे असं ठरलं. मग तात्या दोन गुंठे विकतो कसे? सोपं आहे. तो वीस गुंठ्यांचं एकच खरेदीखत करतो आणि त्यात दहा जणांना बसवतो. सातबाऱ्यावर दहा नावं, क्षेत्र सामाईक. तुमचे दोन गुंठे कुठले, हे फक्त त्या चुन्याच्या रेघेला माहीत, आणि पहिल्या वळवाला तीही विसरते.

पुढं कर्जाला बँकेत गेलात, की मॅनेजर दहा जणांच्या सह्या मागतो. दहापैकी तिसरा दुबईला असतो आणि सातव्याचं पाचव्याशी पटत नसतं. वाटप करायचं तर सगळ्यांची संमती, मोजणीला सगळ्यांना नोटिसा. नवी भावकी विकत मिळते, आणि रक्ताची नसल्यामुळं लग्नाकार्यातही ती मिटत नाही.

२०२५ मध्ये नगरपंचायत हद्दीतल्या आणि गावठाणालगतच्या तुकड्यांना सवलत देण्याची घोषणा सरकारनं केली. त्यावर तात्याचं भाष्य असं : “कायदाच उठला, सायेब.” कायदा उठलेला नाही, काही ठिकाणी बाजूला सरकलाय. तुमचा गट त्या ठिकाणांत येतो का, हे तहसील कचेरीत विचारा. गावठाणापासून २०० मीटरच्या आतली जागा अकृषिक करून घेणं खरोखर सोपं आहे, पण ते २०० मीटर सरकारी नकाशावर मोजायचे असतात, तात्याच्या पावलांनी नव्हे. आणि नियोजन क्षेत्रात ५०० चौरस मीटरवर, म्हणजे जेमतेम पाच गुंठ्यांवर, प्लॉट पाडून विकणाऱ्याला महारेराची नोंदणी लागते. नंबर मागा. होतंय की, असं उत्तर आलं तर तुम्हाला पायरी २ नीट समजली.

पायरी ५ : जागा जुलैत बघा

एजंट जागा फेब्रुवारीत दाखवतो. तेव्हा हवा गोड असते, ऊस तुटून गेलेला असतो आणि डोंगर लांबून निळे दिसतात. तुम्ही जुलैत जा. शिराळ्याचा पाऊस चांदोलीच्या बाजूनं येतो आणि आला की लवकर जात नाही. फेब्रुवारीत ज्याला तात्या ‘जरा खोलगट’ म्हणाला होता तिथून ओढा वाहतो. ज्या झुडपाला तुम्ही सावली म्हणालात त्याच्या बुंध्यापर्यंत पाणी असतं. मोरणेच्या किंवा वारणेच्या अंगाला जागा असेल तर २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, हे शेजारच्या रानातल्या म्हातारीला विचारा. ती हातानं भिंतीवर खूण दाखवते. निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशाही बघावा, पण आधी म्हातारी.

पायरी ६ : कागद, याच क्रमानं

मागच्या तीस वर्षांचा शोध अहवाल, मग मोजणी, मग इसार, मग खरेदीखत. गावात हा क्रम उलटा चालतो : इसार चहाच्या टपरीवर, खरेदी घाईत आणि मोजणी भांडण झाल्यावर. भूमी अभिलेख खात्याकडून सरकारी मोजणी करून घ्या, हद्दीचे दगड आपल्या डोळ्यांदेखत रोवून घ्या आणि ‘क’ प्रत जपून ठेवा. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. मुद्रांक शुल्क वेगळं. दस्त झाला म्हणजे संपलं नाही. फेरफार धरला जातो, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, आणि घाटकोपरचा भाऊ नेमका चौदाव्या दिवशी गावी येतो.

पायरी ७ : राहायला या

घर झालं, वास्तुशांत झाली. आता शेजार. पहिला शेजारी नाग. शिराळ्याची नागपंचमी देशभर माहीत होती. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि उच्च न्यायालयाचा आदेश यांनंतर जिवंत नागांच्या मिरवणुका थांबल्या, पण नाग राहिलेत. तुमची जागा दोन वर्षांपूर्वी त्यांचं रान होतं, आणि त्यांनी हक्कसोडपत्र दिलेलं नाही. घरात निघाला तर काठी शोधू नका, सर्पमित्राला बोलवा. इथं नागाला मारणारा माणूस शेजाऱ्यांच्या मनातून कायमचा उतरतो.

दुसरा शेजारी बिबट्या. तो उसात राहतो, आणि ऊस तुमच्या कुंपणापर्यंत आहे. तुटून जाईपर्यंत अंधारात पोरं आणि कुत्रं बाहेर सोडू नका. तिसरा शेजारी प्रत्यक्ष शेजारी. तो दरवर्षी नांगरताना बांध वीतभर कोरतो. त्याचं वैर नसतं, सवय असते. पायरी ६ मधले दगड त्याच्यासाठीच रोवलेत. पण दगड दाखवायच्या आधी त्याच्या घरी एकदा जेवून या. पंचमीला बोलावणं आलं तर नाही म्हणू नका. रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला तोच गाडी काढणार आहे, तात्या नव्हे.

शेवटची सूचना

शिराळा राहायला चांगलं गाव आहे. पाणी आहे, हवा आहे, माणसं विचारपूस करतात, जरा जास्तच करतात. पण ज्या दिवशी पैसे मोजाल, त्या दिवशी कागदावर आणि जमिनीवर जे आहे तेवढ्याचेच मोजा. रस्ता असेल तर रस्त्याचे, नळ असेल तर नळाचे. ‘होतंय की’चे पैसे झाल्यावर देऊ म्हणावं. तात्या रागावणार नाही. हे गिऱ्हाईक गावातलंच दिसतंय, असं म्हणून दर थोडा कमी करेल.